तीनदा आणि वर वीतभर

नाशिकच्या मेनरोडवरच्या त्या लेसच्या दुकानात शिरले तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता. गौरी चार दिवसांवर आलेल्या. गोदेला पाणी आलंय, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलंय, ही बातमी रिक्षावाल्याने न विचारता दिली होती आणि ते पाणी बघायला निघालेल्या लोकांमुळे रविवार कारंज्यापासून पुढे सगळं तुंबलेलं. दुकान म्हणजे दोन मोठ्या दुकानांच्या मधला बोळच खरं तर. दोन्ही भिंतींना छतापर्यंत लेसची रिळं, खाली गोंड्यांची खोकी, आणि ओल्या छत्र्या, खळ नि नवं नायलॉन यांचा मिळून एक वास. मालक गल्ल्यावर मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेले आणि काउंटरच्या आत स्टुलावर साठी ओलांडलेल्या एक मावशी, गळ्यात टेप. मी साय रंगाची सुती लेस निवडली. "किती देऊ?" त्यांनी विचारलं. "गोल टेबलक्लॉथला लावायचीय. छत्तीस इंची गोल आहे," असं म्हणत मी पर्समधून मोबाईल काढला. कॅल्क्युलेटर उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "छत्तीसचा गोल ना? तीनदा आणि वर वीतभर. तीन मीटर घ्या ताई."

गेली एकोणीस वर्षं मी इंदिरानगरात घरीच नववी-दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. त्रिज्या, व्यास, परीघ, क्षेत्रफळ हे माझ्या तोंडात इतकं बसलंय की भाजी परतता परतता सांगू शकते. तरी मला मोबाईल लागला आणि त्यांना लागला नाही. यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, पण वाटलं. मग त्या वाटण्यापोटी मी शहाणपणा केला. "आणि सहा फुटी टेबल असेल तर? वीत पुरेल का?" त्यांनी माझ्याकडे, वर्गातल्या आगाऊ मुलाकडे मी बघते तसं बघितलं. "मोठ्याला दोन वीत. एक पुरत नाही." बरोबर होतं. बहात्तर इंचांच्या तिपटीवर दहा इंच लागतात आणि वीत नऊ इंचांची. तोवर माझा हिशेब आला होता : ३६ गुणिले ३.१४, म्हणजे ११३.०४ इंच, म्हणजे २ मीटर ८७ सेंटिमीटर. जोडाला तीन सेंटिमीटर धरून मी म्हटलं, "दोन मीटर नव्वद द्या." मालकांनी मान वर केली. मावशींनी काही न बोलता टेप लावला, नव्वदवर अंगठा दाबला आणि कात्री चालवली. दहा सेंटिमीटर लेस. तिचे किती रुपये वाचले हे सांगायचीही लाज वाटते.

ते "वर वीतभर" मात्र घरी येईपर्यंत डोक्यात फिरत राहिलं.

मी मुलांना दरवर्षी एक प्रयोग देते. घरातून गोल वस्तू आणायच्या. डब्याचं झाकण, ताटली, बांगडी, पेला. दोरा गुंडाळून घेर मोजायचा, पट्टीने व्यास मोजायचा आणि भागायचं. उत्तरं येतात ३.१, ३.२, ३.०८. एका मुलीचं ३.४ आलं होतं. तिची थाळी काठाला नक्षीची, दोरा प्रत्येक पाकळीत शिरलेला. एका पठ्ठ्याचं झाकणाचं, बांगडीचं आणि पेल्याचं, तिन्हींचं ३.१४१५९ आलं. त्याला मी म्हटलं, तुझ्या घरची भांडी प्रदर्शनात ठेवायला हवीत. हा प्रयोग झाला की "मॅडम, याला पाय का म्हणतात?" हा प्रश्न येतोच, आणि त्यामागून पायांचे सगळे विनोदही येतात. पायाची किंमत, पाय घसरला, पाय मोडला. ते π चिन्ह दिसतंही तसंच, दोन पायांवर उभं आणि डोक्यावर आडवी मोळी. घेर भागिले व्यास या संख्येसाठी ते पहिल्यांदा वापरलं विल्यम जोन्स या वेल्श माणसाने, १७०६ मध्ये. त्याआधी हजारो वर्षं लोक हाच हिशेब चिन्हावाचून करत होते, त्या मावशी करतात तसा.

पण तीनदाच का आणि वर थोडं का, हे मी कधी नीट सांगते का? त्या रात्री भांडी घासताना मला प्रश्न पडला. सांगायला फार सोपं आहे, आणि प्रत्येक मुलाने ते स्वतः काढलेलं असतं. नवी कंपासपेटी आणली की पहिल्या दिवशी आपण काय करतो? वर्तुळ काढतो, कंपास तेवढाच ठेवून टोक कडेवर रोवतो, कमान मारतो, कमान जिथे कडेला छेदते तिथे पुन्हा टोक रोवतो. सहा वेळा केलं की आपण बरोब्बर निघालो तिथे परत येतो आणि आत सहा पाकळ्यांचं फूल उमलतं. हे फूल माझ्या पाटीवर होतं, बेंचवर होतं, आणि एकदा आईच्या नव्या सनमायकावर करकटकाने कोरल्याबद्दल त्याचा मारही खाल्लाय. पाकळ्यांची टोकं पट्टीने ओळीने जोडली तर सहा सरळ रेघा होतात आणि प्रत्येक रेघ त्रिज्येएवढी. सहा त्रिज्या म्हणजे तीन व्यास. हे मावशींचं "तीनदा". वर्तुळाची कड मात्र या रेघांवरून जात नाही, प्रत्येक रेघेबाहेर थोडी फुगते. सहा ठिकाणचा तो फुगवटा गोळा केला की वरची वीत. थोडी मोठी वीत, शिवणाची सूट धरून.

आर्किमिडीजने पुढे या फुगवट्याचाच पाठलाग केला. सहा बाजूंच्या बारा केल्या, बाराच्या चोवीस, मग अठ्ठेचाळीस, मग शहाण्णव. तीनाचं ३.१०६ झालं, मग ३.१३३, मग ३.१३९, मग ३.१४१. फुगवटा दरवेळी बारीक होतो आणि संपत नाही. आर्यभटाने ४९९ मध्ये सांगितलं की वीस हजार व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२. आणि त्या श्लोकात एक शब्द घातला, आसन्न. जवळ बसलेला. "आसन्नमरण" वगैरे शब्दांमुळे आपल्या कानाला तो उगाच गंभीर लागतो, पण अर्थ इतकाच : जवळ आलोय, पोचलोय असं म्हणत नाही. ही संख्या दोन पूर्ण संख्यांच्या भागाकारात कधीच बसत नाही हे लँबर्टने १७६१ मध्ये सिद्ध केलं. आर्यभटाला ते सिद्ध करता आलं नसेल, पण त्याने शब्द तोलून वापरला होता.

आणि भास्कराचार्य तर आपल्या शेजारचेच म्हणायचे. चाळीसगावजवळ पाटणला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ काढला, त्याचा शिलालेख आहे. आईला पाटणादेवीच्या दर्शनाला नेलं होतं तेव्हा मी तिला हे कौतुकाने सांगत होते आणि ती माकडांपासून प्रसादाची पिशवी सांभाळत होती. 'लीलावती'मध्ये परिघाचे दोन हिशेब दिलेत. व्यासाला ३,९२७ ने गुणा आणि १,२५० ने भागा, तो सूक्ष्म. किंवा बाविसाने गुणा आणि सातने भागा : "द्वाविंशतिघ्ने विहृतेऽथ शैलैः स्थूलोऽथवा स्याद् व्यवहारयोग्यः". सात म्हणायचं तर शैल म्हणायचं, पर्वत सात म्हणून. आकडाही कवितेत. पण मला आवडतो तो व्यवहारयोग्य हा शब्द. एवढा मोठा माणूस, आणि सूक्ष्म सांगून झाल्यावर म्हणतो, बाकी बाजारात जायचं असेल तर हे चालेल.

बाबांना ते चालत नसे. बाबा सातपूरला एका कारखान्यात टर्नर होते. लेथवर आयुष्य गेलं. त्यांच्या अंगाला, शर्ट कितीही धुतला तरी, कूलंटचा आंबूस वास असायचा आणि तळहाताच्या रेषांत काळं तेल. व्यासाला ते कधी व्यास म्हणाले नाहीत, "डाया". बाहेरचा ओडी, आतला आयडी. घरी लाकडी डबीत, मखमलीच्या तुकड्यावर त्यांचा स्वतःचा व्हर्नियर असायचा आणि त्याला हात लावायची आम्हाला बंदी. मी सातवीत बावीस सप्तमांश पाठ करत होते तेव्हा ते जेवता जेवता थांबले. "बावीस सप्तमांश म्हणजे मीटरभर डायाच्या गोलाला घेरात सव्वा मिलिमीटरची चूक," ते म्हणाले. "आमच्याकडे सव्वा मिलिमीटरला जॉब भंगारात जातो." मी बरीच वर्षं हे वाक्य बढाई म्हणून धरलं. मग एकदा स्वतःच हिशेब केला, १.२६ मिलिमीटर येतं. बाबांनी हे कधी आणि कशावर काढलं असेल? घेर त्यांना कामात लागतच नव्हता. ते फक्त डाया मोजायचे. म्हणजे कधीतरी उत्सुकतेपोटी, पाळी संपल्यावर, एखाद्या चिठोऱ्यावर. हे मला विचारायचं सुचलं तेव्हा विचारायला ते नव्हते.

तो टेबलक्लॉथ त्यांच्याच टेबलाचा. निवृत्तीचे पैसे मिळाले तेव्हा सगळ्यांनी एफडी सांगितली, एफडी केलीच, पण त्यातून थोडे काढून त्यांनी सागवानी गोल टेबल आणलं. डाया तीस इंच. घरात चौकोनी टेबलाला जागा नव्हती, गोलाला तर त्याहून नाही. आई आठ दिवस बोलली नाही आणि मग त्यावर रुमाल विणायला बसली.

पण आधी विहीर सांगते, कारण क्षेत्रफळ म्हटलं की मला विहीरच आठवते.

निफाड तालुक्यातल्या आमच्या गावी काकांनी विहीर काढायला घेतली तेव्हा मी दहावीत होते. आधी ठरलं होतं वीस फुटांचा गोल, फुटामागे अमुक पैसे. यारी उभी राहिली, वरची काळी माती निघाली, आणि कुणीतरी काकांच्या मनात भरवलं की एवढ्यात पुरणार नाही, पंचवीस फुटी करा. काकांचा हिशेब सरळ होता : विसाचे पंचवीस म्हणजे पावपट वाढ, तर पैसेही पावपट वाढवतो. ठेकेदार म्हणाला, दीडपट. काका भडकले. सुट्टीला गेलेली मी, "शहरात शिकणारी पोर", मला बांधावर बोलावण्यात आलं. सगळ्यांसमोर. ठेकेदार एका दगडावर तंबाखू मळत बसलेला, त्याची माणसं यारीच्या सावलीत, काका धोतराचा सोगा हातात धरून उभे. वहीच्या पाठकोऱ्या पानावर मी मांडलं. दहाचा वर्ग शंभर, गुणिले ३.१४, तीनशे चौदा चौरस फूट. साडेबाराचा वर्ग १५६.२५, गुणिले ३.१४, चारशे नव्वद. ब्रास म्हणजे शंभर घनफूट; आधी खोलीच्या दर फुटाला सव्वातीन ब्रासही माल निघत नव्हता, आता पाच ब्रासच्या आसपास. दीडपटीहूनही थोडं जास्तच. मी दोनदा तपासलं. मला उत्तर चुकायला हवं होतं.

"त्याचं बरोबर आहे काका," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही नीट. ठेकेदार हसलाही नाही, हे मला आजही विशेष वाटतं. त्याने तंबाखू तोंडात टाकली आणि उठला. हिशेब न करताच त्याला माहीत होतं, कारण ढिगारा त्याची माणसं उपसत होती. काका मला काही बोलले नाहीत. रात्री जेवताना मात्र ताटाकडे बघत म्हणाले, "शिकवा पोरींना." बाबा शेजारीच बसले होते. ते गप्प राहिले. हिशेब त्यांना आधीपासून माहीत होता आणि तरी त्यांनी मला बांधावर जाऊ दिलं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं. गंमत म्हणजे काकांना पावकी-निमकीपासून सवायकी-दिडकीपर्यंत सगळं तोंडपाठ होतं. सव्वाची सव्वा पट किती हे ते झोपेत सांगू शकले असते. पण विहीर रुंद होते तेव्हा ती इकडेही सव्वा होते आणि तिकडेही सव्वा होते, हे पाढ्यात कुठे असतं?

त्यांना पटेल असं मला पुढे सापडलं, आणि तेही आमच्याच मातीतून. एका रविवारी कोशिंबिरीसाठी कांदा आडवा चिरत होते. उन्हाळ कांदा, घट्ट, चकत्या सुंदर पडतात. चकती पाटावर पडली, आतल्या चकल्या सुटल्या, आणि सुरीचं टोक लागून सगळ्याच एका जागी कापल्या गेल्या. मी उगाच त्या सरळ करून एकाखाली एक मांडल्या. सगळ्यात बाहेरची खाली, सगळ्यात लांब. तिच्यावर तिच्याहून आखूड. करत करत वर अगदी मधला कोंबाचा ठिपका. कांदा वाकडाच होऊ बघत होता, नखाने दाबून धरावा लागत होता, पण पाटावर चक्क त्रिकोण झाला. पाया म्हणजे चकतीचा घेर. उंची म्हणजे मधल्या ठिपक्यापासून सालापर्यंतचं अंतर, त्रिज्या. त्रिकोणाचं क्षेत्रफळ पाया गुणिले उंची भागिले दोन. अर्धा घेर गुणिले त्रिज्या. आर्यभटाच्या ग्रंथातला वृत्तफळाचा नियम अक्षरशः हाच आहे : परिघाचा अर्धा, व्यासाच्या अर्ध्याने गुणलेला. आणि कांदा मोठा घेतला की त्रिकोणाचा पायाही वाढतो आणि उंचीही वाढते, दोन्हीकडून. म्हणून त्रिज्येचा वर्ग. डोळ्यांतून पाणी येत होतं ते कांद्याचं. कांद्याच्या चाळीत उभं राहून काकांना हे दाखवलं असतं तर त्यांनी नक्की ऐकून घेतलं असतं. ते राहून गेलं.

तेव्हापासून शिकवणीला सांगते, फेरीला त्रिज्या एकदा, पोटाला दोनदा. तरी परीक्षेत निम्मी मुलं अदलाबदल करतातच.

फेरीवरून आजी. शनिवारी ती आम्हाला काळारामाला न्यायची. सकाळची वेळ, काळ्या दगडाची फरशी पायाला गार लागायची, आवारात कबुतरं. आजी भिंतीच्या कडेने चालायची, एक हात दगडावर घासत, आणि दुसऱ्या हाताला मी, बाहेरच्या बाजूला. अकरा प्रदक्षिणा. माझी कायम तक्रार असे की मला जास्त चालावं लागतं. "चल गं, तेवढंच पुण्य जास्त," आजी म्हणायची. किती जास्त, हे मी मोठेपणी काढलं. सरळ भिंतीच्या कडेने दोघी सारख्याच चालतो. जास्तीचं चालणं फक्त कोपऱ्यावर. आजी जागच्या जागी वळते आणि मी तिच्याभोवती पाव वर्तुळ चालते. चार कोपऱ्यांची चार पाव वर्तुळं, मिळून एक पूर्ण, आणि त्याची त्रिज्या म्हणजे आमच्या हातांचं अंतर. अर्धा मीटर धरलं तर फेरीमागे ३ मीटर १४ सेंटिमीटर. अकरा फेऱ्यांचे चौतीस-पस्तीस मीटर. यात देऊळ किती मोठं हे कुठे आलंच नाही! श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला जातात, तो एवढा अख्खा डोंगर. तिथेही आजीचा हात धरून बाहेरून चालले असते तर सगळ्या फेरीत जास्तीचे पडले असते तेच तीन मीटर चौदा. हे मी पहिल्यांदा कागदावर केलं तेव्हा विश्वास बसेना. अजूनही पूर्ण बसलाय असं नाही.

आता आई. आईच्या क्रोशाच्या रुमालांनी आमचं घर भरलेलं होतं. टीव्हीवर रुमाल, फ्रीजवर रुमाल, माठावर मणी लावलेला रुमाल. बाबांच्या टेबलासाठी विणलेला सगळ्यात मोठा. मला शिकवायला तिने घेतलं होतं त्या वेळचं एक वाक्य लेसच्या दुकानातून आल्यावर आठवलं आणि मी हातातलं काम टाकून तिच्याजवळ गेले. "आई, मुक्या खांबाने गोल विणताना दर फेरीला किती वाढवायचे?" तिने वर न बघता सांगितलं, "सहा." "का सहा?" "पाच घातले की टोपी होते. सात-आठ घातले की झालर येते. सहाने पसरट बसतं." पहिल्या फेरीत सहा, मग बारा, मग अठरा. टाका साधारण जेवढा रुंद तेवढाच उंच. म्हणजे दर फेरीला त्रिज्या एका टाक्याने वाढते आणि घेर वाढायला हवा सव्वासहा टाक्यांनी. सहा ती घालते, वरचा पाव टाका दोरा ताणून घेतो. मंदिर केवढं हे इथेही कुणी विचारत नाही. रुमाल वाटीएवढा असो की टेबलाएवढा, दर फेरीला सहाच. आईने हे माझ्याकडून कधी ऐकलं नाही आणि मी तिच्याकडून ऐकलं होतं, तर कंटाळून. मी विणलेल्याची टोपी झाली होती. ती बाबांनी घरात दोन दिवस डोक्यावर घातली.

मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाली, पण आईच्या हाताला आता कंप आहे. सुई दोऱ्यात अडकते, टाका निसटतो. टेबलाचा जुना रुमाल विरला, तेव्हा तिने घरातल्याच जुन्या सुती साडीचं गोल कापलं आणि म्हणाली, कडेला विकतची लेस लावू. विकतची, हा शब्द तिने कसा उच्चारला ते लिहून दाखवता येणार नाही. म्हणून मी मेनरोडला गेले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेस लावायला बसलो. आई टाचण्या लावत होती, मी मागून धावदोरा घालत येत होते. खिडकीबाहेर पावसाची भुरभुर, कुकरची एक शिट्टी राहिलेली. तीन चतुर्थांश गोल झाला तेव्हाच माझ्या लक्षात आलं की लेस ज्या वेगाने संपतेय त्यात काहीतरी चुकतंय. शेवटी दोन्ही टोकं समोरासमोर आली आणि मध्ये दोन बोटांची फट राहिली. ओढून बघितलं तर कापड चुण्या घेऊ लागलं. मी टेप आणला. उभं मोजलं, छत्तीस. आडवं मोजलं, सदतीसला दोरा-दीड दोरा कमी. आईने थरथरत्या हाताने कापलेला गोल. त्याला एक व्यास नव्हताच. मी एकदाच मोजलं होतं, एकाच दिशेने, आणि मग पुढचं सगळं दोन दशांश स्थळांपर्यंत अचूक केलं होतं.

"किती घे म्हणाली होती ती बाई?" आईने विचारलं.

"तीन मीटर."

आई काही बोलली नाही. मी म्हटलं, उद्या जाऊन तुकडा आणते, नाहीतर सगळंच उसवून नवी. ती म्हणाली, एवढ्या पावसात कशाला, त्या गर्दीत कशाला. मग कापड उचलून आम्ही टेबलावर अंथरलं. वर्तुळाला बाजू नसतात, असं मी मुलांना पहिल्याच तासाला सांगते. आईने दोन पावलं मागे जाऊन बघितलं, पुन्हा जवळ आली आणि म्हणाली, "ती बाजू भिंतीकडे कर." मी कापड फिरवलं. फट भिंतीकडे गेली.

"अजून थोडं," आई म्हणाली. "स्वयंपाकघरातून येताना दिसतेय."

मी अजून थोडं फिरवलं.